स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांसाठी गावातच डे केअर केंद्र : न्हावा-शेवा परिसरात कसे सुरू करता येईल?

न्हावा-शेवा बंदर आणि त्याभोवतीच्या गोदामांमुळे उरण-पनवेलच्या खाडीकाठी घरोघरी नोकरीची पाळी आली. मुलगा कंटेनर यार्डात, सून कंपनीत नाहीतर शाळेत, नातवंडे क्लासला. घरात उरते ती ऐंशीच्या घरातली आजी किंवा आजोबा. ते माणूस विसरू लागले, घराबाहेर पडून वाट चुकू लागले की घरचे लोक नाइलाजाने बाहेरून कडी लावून कामाला जातात. कडी लावणाऱ्याला वाईट वाटते आणि आत राहणाऱ्याला घाबरल्यासारखे होते. दुसरा पर्याय म्हणजे दूरचा वृद्धाश्रम. तो खर्चिक, आणि चार माणसांत बोलणी खायला लावणारा.

या दोन्हींच्या मधला रस्ता म्हणजे डे केअर केंद्र. सकाळी माणूस केंद्रात येतो, दिवस ओळखीच्या माणसांत घालवतो आणि संध्याकाळी आपल्याच घरी झोपतो. मोठी इमारत किंवा महागडी यंत्रे लागत नाहीत. मात्र तिथे येणाऱ्या प्रत्येक माणसाची नीट ओळख करून घेतलेली असावी लागते. ही ओळख गावातल्या माणसांइतकी बाहेरच्या कुणालाच नसते. म्हणूनच असे केंद्र गावात चालू शकते.

आधी आजार समजून घ्या

'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून आपण हा विषय सोडून देतो. कुणी 'म्हातारचळ' म्हणतात, कुणी बाहेरची बाधा समजतात. स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हा मेंदूचा आजार आहे. वय वाढले की त्याचा धोका वाढतो, पण म्हातारपण आले म्हणजे तो होतोच असे नाही. अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. मेंदूचा रक्तपुरवठा कमी झाल्यानेही स्मृतिभ्रंश होतो. बीपी आणि मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना त्याचा धोका जास्त असतो.

चष्मा कुठे ठेवला हे सगळेच विसरतात. पण पुढील गोष्टी वारंवार घडत असतील तर डॉक्टरांना दाखवावे :

- तोच प्रश्न दहा-दहा मिनिटांनी पुन्हा विचारणे
- रोजच्या वाटेवर चुकणे
- आयुष्यभर केलेला स्वयंपाक किंवा पैशांचा हिशेब न जमणे
- जवळच्या माणसाला न ओळखणे, दिवस-रात्र यांत गल्लत होणे
- विनाकारण संशय घेणे, स्वभाव एकदम बदलणे

थायरॉइडचा त्रास, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाचा खोल उदासपणा किंवा काही औषधे यांमुळेही विसरायला होते आणि उपचारांनी ते सुधारू शकते. त्यामुळे तपासणी न करता स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये. कालपर्यंत बरा असलेला माणूस आज अचानक बरळू लागला, तर ते बहुधा ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणे, साखर उतरणे किंवा पक्षाघात यांचे लक्षण असते. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

देशभरातील ज्येष्ठांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. शहरात हे प्रमाण ५.३ टक्के, तर खेड्यांत ८.४ टक्के. पुरुषांत ५.८ आणि स्त्रियांत ९ टक्के. हा देशाचा अंदाज आहे, प्रत्येक गावात तसेच असेल असे नाही. तरीही साठीपुढचे ३०० लोक असलेल्या गावात या हिशेबाने २५ जण निघतात. एक केंद्र चालवायला इतके लोक पुरेसे आहेत.

'मला घरी जायचंय' : इथला वेगळा प्रश्न

स्मृतिभ्रंशात बहुधा अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या जास्त काळ टिकतात. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण लग्नाच्या वेळचे घर, भाताची खाचरे, मिठागराचे बांध लख्ख आठवतात. अशी व्यक्ती संध्याकाळ झाली की 'मला घरी जायचंय' म्हणून उठते. बहुतेक ठिकाणी ते घर निदान उभे तरी असते.

न्हावा-शेव्यात तसे नाही. बंदरासाठी १९८० च्या दशकात जुना शेवा आणि शेवा कोळीवाडा उठला. कोळीवाड्यातल्या कुटुंबांना उरणजवळ बोरी पाखाडी भागात आणले गेले. तोच आजचा हनुमान कोळीवाडा. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. त्याआधी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झाले आणि त्यात गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या वेळी तिशी-चाळिशीत असलेली पिढी आज सत्तर-ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्या डोक्यातले 'घर' आज बंदराच्या हद्दीत आहे. ते शोधायला निघालेला माणूस गावाबाहेर पडला की समोर ट्रेलरची रांग आणि दुसऱ्या बाजूला भरतीची खाडी.

'आये, ते गाव कधीच गेलं, आता तिथं बंदर आहे' असे सांगून उपयोग होत नाही. ऐकणाऱ्याला ती बातमी दरवेळी नवीच असते आणि दुःखही नव्याने होते. 'घरी जायचंय' याचा अर्थ बहुतेक वेळा 'मला इथं एकटं वाटतंय' किंवा 'मला भीती वाटतेय' असा असतो. म्हणून आधी शेजारी बसावे, हात हातात घ्यावा आणि विचारावे : 'तुझ्या घरी अंगणात काय होतं गं?' बोलता बोलता माणूस शांत होतो. मग चहा, मग थोडे चालणे. खोटे बोलायची गरज नाही आणि सत्य तोंडावर फेकायचीही नाही.

माणूस आधी, आजार नंतर

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठातले टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात मांडले की, रुग्णाची अवस्था केवळ मेंदूच्या बिघाडाने ठरत नाही. आजूबाजूचे लोक त्याच्याशी कसे वागतात यावरही ती अवलंबून असते. माणसाला दिलासा, जिव्हाळ्याचे नाते, चारचौघांत सामावले जाणे, हाताला काम आणि स्वतःची ओळख या गोष्टी लागतात, आणि या सगळ्यांच्या मध्यभागी प्रेम, असे त्यांनी सांगितले. यालाच 'व्यक्तिकेंद्रित काळजी' म्हणतात.

केंद्रात याची सुरुवात एका कागदाने होते. त्याला 'ओळखपत्रिका' म्हणू. माणूस दाखल होण्यापूर्वी घरच्यांसोबत बसून ती भरावी :

- कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते? घरात 'आयस', 'बापूस' म्हणतात की 'आई', 'बाबा'?
- जन्मगाव, माहेर, जुने घर कुठे होते?
- आयुष्यभर काय काम केले? शेती, मासेमारी, मिठागर, मच्छी विकणे, बंदरात नोकरी?
- कोणता देव, कोणती जत्रा, कोणती गाणी?
- काय खायला आवडते, काय चालत नाही?
- कशाची भीती वाटते, कशाने राग येतो, कशाने शांत होतात?
- कोणते दुःख काढू नये? उदाहरणार्थ, गेलेला मुलगा, बुडालेली होडी.
- ऐकू येते का, दिसते का, कोणत्या गोळ्या चालू आहेत?

समजा, एक आजोबा दिवसभर दोऱ्या ओढत बसतात. घरचे म्हणतात, काहीतरी वेड्यासारखे करतात. पत्रिकेवर 'चाळीस वर्षे मासेमारी' असे लिहिलेले असेल, तर केंद्रातली ताई त्यांच्या हातात जुन्या जाळ्याचा तुकडा देईल. तेच हात मग कामाला लागतात. समजा, एखादी आजी ताटातली मच्छी फडक्यात बांधून ठेवते. तिने बाजारात मच्छी विकून घर चालवलेले असते. तिला टोपली आणि निवडायला सुकट दिली की ती तासभर रमते. जाळे नीट विणले गेले की नाही हे महत्त्वाचे नाही.

बोलीचेही तसेच. पुस्तकी मराठीपेक्षा आगरी-कोळी बोलीत बोललेले लवकर पोचते. आगरी लग्नातले धवले गाणाऱ्या धवलारणी अजून गावोगावी आहेत. स्वतःचे नाव न आठवणाऱ्या बाईला लग्नाचे गाणे ओळीने आठवते, असा अनुभव अनेक घरांत येतो. आठवड्यातून एकदा धवलारणीला किंवा भजनी मंडळाला बोलावणे हा खर्च नसलेला आणि फार उपयोगी कार्यक्रम आहे.

जागा कशी असावी

समाजमंदिर, वापरात नसलेली शाळाखोली, ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा चालू असलेले ज्येष्ठ नागरिकांचे विरंगुळा केंद्र, यांपैकी काहीही चालेल. विरंगुळा केंद्रात ज्येष्ठ स्वतः येतात-जातात, पेपर वाचतात. डे केअरमध्ये सतत लक्ष देणारी माणसे असतात. एकाच इमारतीत दोन्ही ठेवता येतील, पण खोल्या वेगळ्या असाव्यात.

जागा बघताना पुढील गोष्टी तपासाव्यात :

- तळमजला, पायऱ्या नाहीत किंवा उताराची वाट आहे
- फरशी घसरडी नाही. चकचकीत काळी फरशी नको, ती पाण्यासारखी दिसते आणि माणूस पाय टाकायला घाबरतो
- खोलीला लागून संडास, धरायला दांडी, कमोडची सोय. दारावर मोठे चित्र लावावे, नुसती अक्षरे नकोत
- भरपूर उजेड, पंखे, डासांच्या जाळ्या. पावसाळ्यात पाणी शिरत नाही
- फाटक बंद होणारे, पण आत फिरायला अंगण. माणसाला कोंडल्यासारखे वाटू नये आणि तो नकळत रस्त्यावरही जाऊ नये
- दमलेल्याला पडायला दोन खाटा असलेला शांत कोपरा
- गॅस, सुरी, फिनाईल कुलपात. विहीर, टाकी झाकलेली

भिंतीवर मोठे घड्याळ आणि आजचा वार-तारीख लिहिलेला फळा असावा. जुन्या गावाचे, होड्यांचे, जत्रेचे फोटो गावातून गोळा करून लावावेत. टीव्ही दिवसभर चालू ठेवू नये; गोंगाटाने गोंधळ वाढतो.

किती जण, किती वेळ, किती कर्मचारी

पहिल्याच दिवशी तीस माणसे घेण्याचा हट्ट नको. सहा ते आठ जण, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दहा ते दुपारी चार अशी सुरुवात करावी. तीन-चार रुग्णांमागे एक काळजीवाहक असे प्रमाण ठेवले तर संडासला नेणे, भरवणे आणि लक्ष ठेवणे जमते. म्हणजे आठ जणांसाठी किमान दोन, शक्यतो तीन प्रशिक्षित ताई-दादा आणि एक स्वयंपाक-स्वच्छता करणारी व्यक्ती. एखादा रजेवर गेला तर पर्यायी माणूस आधीच ठरलेला हवा. आठवड्यातून एकदा नर्स आणि महिन्यातून एकदा डॉक्टर येतील अशी व्यवस्था करावी.

मोठ्या पदव्या असलेलेच लोक लागतात असे नाही. याबाबत शेजारच्या गोव्याचा अनुभव उपयोगी आहे. तिथे बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांत ८१ कुटुंबांवर एक अभ्यास झाला आणि २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. स्थानिक, साधारण बारावीपर्यंत शिकलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण दिले गेले. त्या सहा महिने, किमान पंधरा दिवसांतून एकदा, रुग्णाच्या घरी जायच्या, आजार समजावून सांगायच्या, अडचणींवर उपाय सुचवायच्या. त्यांच्यावर समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञांची देखरेख होती. सांभाळ करणाऱ्या घरच्यांचा मानसिक ताण त्यामुळे लक्षणीय कमी झाला. तो घरभेटींचा कार्यक्रम होता, डे केअर नव्हे. पण गावातली माणसे शिकून हे काम करू शकतात, हे त्यातून दिसले.

निवड करताना शिक्षणाइतकाच स्वभाव बघावा. जी बाई तोच प्रश्न विसाव्यांदा ऐकूनही न चिडता उत्तर देते, ती या कामाला योग्य. पोलीस पडताळणी करून घ्यावी. पगार ठरलेला आणि वेळेवर द्यावा. 'समाजसेवा आहे' म्हणून फुकट राबवले तर चांगली माणसे टिकत नाहीत. प्रशिक्षणात आजाराची माहिती, बोलण्याची पद्धत, उचलणे-बसवणे, भरवणे, घास अडकल्यास काय करावे, प्रथमोपचार आणि आग लागल्यास बाहेर कसे काढावे, एवढे विषय हवेतच.

मार्गदर्शनासाठी अनुभवी संस्था आहेत. १९९२ मध्ये केरळमध्ये सुरू झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही या क्षेत्रातील देशातली मोठी संस्था. मुंबईत १९९५ पासून ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या डिग्निटी फाउंडेशनने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी डे केअर चालवले आहे. रायगड जिल्ह्यातच, कर्जत तालुक्यात नेरळ येथे तिची ज्येष्ठांची वसाहत आहे. सुरू करण्याआधी गावातल्या दोघा-तिघांनी असे एखादे केंद्र दिवसभर बसून बघून यावे.

दिवस कसा जावा

वेळापत्रक ठरलेले असावे, कारण रोज त्याच क्रमाने दिवस गेला की रुग्णाला सुरक्षित वाटते. पण ते घंटा वाजवून राबवायचे नाही. एक नमुना :

- १० वाजता : नावाने हाक मारून स्वागत, पाणी, संडास
- १०.३० : प्रार्थना किंवा भजन, हात-पाय हलवण्याचा हलका व्यायाम, अंगणात फेरी
- ११.१५ : हाताचे काम. शेंगा सोलणे, तांदूळ निवडणे, फुलांचे हार, जाळी, कपड्यांच्या घड्या
- १२.३० : जेवण, त्यानंतर विश्रांती
- २.३० : जुने फोटो, गाणी, गोष्टी. एखाद्या दिवशी शाळेची मुले येऊन आजी-आजोबांना विचारतील : चिरनेरचा सत्याग्रह घरात कुणी सांगितला होता? नारळी पौर्णिमा कशी व्हायची?
- ३.३० : चहा, संडास, घरी जाण्याची तयारी

कुणाला गाण्यात बसायचे नसेल तर बसवू नये. खिडकीपाशी शांत बसणे हीसुद्धा त्या माणसाची निवड असते. लहान मुलांसारखे बोलणे, 'गुड बॉय' म्हणून टाळ्या वाजवणे, समोरच त्याच्या आजाराची चर्चा करणे पूर्ण बंद. लुगडे बदलायचे असेल तर आधी विचारावे आणि पडदा लावावा. स्त्रियांची शारीरिक काळजी स्त्री कर्मचाऱ्यांनीच घ्यावी.

जेवण आणि औषधे

इथल्या माणसाला मच्छी लागते. ती बंद करू नये, पण काट्याकडे लक्ष द्यावे. रुग्ण चावायला, गिळायला विसरतो. प्रत्येक काटा हाताने तपासून काढावा, भाकरी कालवणात मऊ करून द्यावी, छोटा घास, सरळ बसवून, घाई न करता. जेवताना ठसका लागणे वाढले तर डॉक्टरांना सांगावे. तहान लागली हे रुग्ण सांगत नाही, म्हणून दर तासा-दीड तासाने पाणी, ताक किंवा पेज द्यावी.

औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार आणि घरच्यांच्या लेखी परवानगीनेच द्यावीत, दिली की वहीत सही करावी. 'त्रास देतो' म्हणून झोपेची गोळी देणे चालणार नाही. मिश्री, तंबाखू किंवा दारूची सवय असेल तर ती लपवू नये, डॉक्टरांना सांगावी.

अवघड प्रसंग

*'माझे पैसे चोरले' असा आरोप.* भांडू नये, 'मी कशाला घेऊ' म्हणू नये. 'चला, दोघं मिळून शोधू' म्हणावे. बटवा ठेवायची एक ठरलेली जागा करावी.

*एकदम राग, मारायला धावणे.* बहुतेक वेळा मागे काही दुखणे असते : दात, पोट साफ नसणे, लघवीची जळजळ, भूक, गोंगाट. आवाज खाली आणावा, समोरून यावे, जागा मोकळी द्यावी. बांधून ठेवणे कधीही नाही.

*निघून जाणे.* प्रत्येकाचा ताजा फोटो, रोज घातलेले कपडे आणि घरचा नंबर केंद्रात असावा. खिशात किंवा बांगडीला नाव-नंबरची पट्टी असावी. रिक्षास्टँड, टपरीवाले, बंदराच्या गेटवरील सुरक्षारक्षक यांना केंद्राची माहिती आणि नंबर देऊन ठेवावा. कुणी दिसेनासे झाले तर आधी खाडी, विहीर, मोठा रस्ता बघावा आणि वाट न बघता ११२ ला फोन करावा. शोधताना जुन्या घराच्या, शेताच्या किंवा जेटीच्या दिशेने जाऊन पाहावे. पावले बहुधा तिकडेच वळतात.

येणे-जाणे

बंदराच्या रस्त्यांवर मोठ्या गाड्या कायम असतात. त्यामुळे केंद्र गावातच असावे आणि रुग्णाला ओळखीच्या गाडीने, सोबत मदतनीस देऊन आणावे. उतरवून गाडी निघून गेली, असे होता कामा नये. घरच्या माणसाच्या हातात देऊनच परतावे. कोण घ्यायला येणार याची नावे लिहून ठेवावीत. ऐनवेळी भलताच कुणी आला तर फोन करून खात्री करावी.

नोंदणी आणि पैसा

न्हावा पनवेल तालुक्यात, तर शेवा उरण तालुक्यात येतो. त्यामुळे कोणत्या ग्रामपंचायतीची जागा, कोणत्या तालुक्याची कार्यालये, हे आधी ठरवावे. त्यानंतरचा क्रम साधारण असा :

१. ग्रामसभेत विषय मांडून जागेचा ठराव घ्यावा. गावाच्या विकास आराखड्यात तो घालून घ्यावा.
२. चालवणारी संस्था ठरवावी. नवी असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी, पॅन, बँक खाते, आयकर खात्याकडील आवश्यक नोंदणी.
३. जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात लेखी विचारून घ्यावे की या स्वरूपाच्या केंद्राला कोणती नोंदणी लागते.
४. जवळच्या डॉक्टरांशी आणि रुग्णालयाशी लेखी बोलणी करावी.

पैशासाठी या भागाला एक संधी आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचा काही भाग समाजासाठी खर्च करावा लागतो, त्यालाच सीएसआर म्हणतात. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ज्येष्ठ नागरिकांसाठी वृद्धाश्रम आणि डे केअर केंद्रे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे बंदर परिसरातील कंपनीकडे अर्ज करताना 'हे बसत नाही' असे उत्तर मिळायचे कारण नाही. बंदर प्राधिकरणालाही २०२१ च्या महाबंदर प्राधिकरण कायद्यानुसार सामाजिक कामांसाठी निधी वापरता येतो. मात्र सीएसआर घेणाऱ्या संस्थेला 'सीएसआर-१' नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. कालच स्थापन झालेल्या मंडळाने म्हणून जुन्या, नोंदणीकृत संस्थेसोबत काम सुरू करावे.

सर्वांत मोठा खर्च पगाराचा आणि गाडीचा असतो. इमारत मिळाली, रंग लागला, उद्घाटन झाले आणि चौथ्या महिन्यात पगार थकला, तर नुकसान रुग्णाचे होते. नुकतीच बसलेली घडी मोडते. म्हणून किमान सहा महिन्यांचे पगार खात्यात असल्याशिवाय दार उघडू नये. कुटुंबांकडून ऐपतीप्रमाणे शुल्क घ्यावे, पण शुल्क देता येत नाही म्हणून कुणाला परत पाठवू नये. जमाखर्च ग्रामसभेत वाचावा.

अंगठा आणि जमीन

या भागात जमिनीला भाव आहे. साडेबारा टक्के योजनेचे भूखंड, मोबदला, वारसनोंदी यांची प्रकरणे घरोघरी आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा अंगठा घेणे सोपे असते. त्यामुळे केंद्राने पहिल्या दिवसापासून नियम लावावा : केंद्राच्या आवारात कोणत्याही मिळकतीच्या कागदावर सही-अंगठा घेता येणार नाही आणि केंद्राचा कोणीही कर्मचारी साक्षीदार होणार नाही. दागिने आणि पासबुक केंद्रात आणू नयेत.

आजार सुरुवातीच्या टप्प्यात असतानाच, माणसाला समजते-उमजते तोवर, त्याची इच्छा घरच्यांनी आणि वकिलाने विचारून घ्यावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत लिहून घेतली आणि नंतर सांभाळले नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवण्याची तरतूद त्यात आहे. अर्ज प्रांत कार्यालयातील न्यायाधिकरणाकडे करता येतो.

घरच्यांसाठीही जागा

सांभाळाचा भार बहुतेक घरांत सून, लेक किंवा स्वतः म्हातारी झालेली पत्नी उचलते. रात्रीची झोप नाही आणि वर 'नीट बघत नाही' असे टोमणे. केंद्राने महिन्यातून एकदा या बायकांची बैठक घ्यावी; आधी त्यांचे ऐकावे, मग माहिती द्यावी. जाऊ-नणंदांनीही आठवड्यातला एक दिवस वाटून घ्यावा, हे बैठकीत मोकळेपणाने बोलावे. रोज संध्याकाळी चार ओळींची वही घरी जावी : काय खाल्ले, कधी हसले, कशाने बिथरले, औषध झाले का.

केंद्राच्या मर्यादाही आधीच सांगाव्यात. हा आजार पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. ज्याला उठता येत नाही, गिळता येत नाही, त्याला रोज ने-आण करणे योग्य नाही; त्याच्यासाठी घरभेट आणि नर्सची मदत लागते. तिथेही ओळखपत्रिका उपयोगी पडते. शेवटच्या काळातही ओळखीचा आवाज आणि ओळखीचे गाणे पोचते.

पहिले पाऊल

आशाताई, अंगणवाडी सेविका आणि महिला बचत गटांनी मिळून गावातील सत्तरीपुढच्या घरांची यादी करावी. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. त्या निमित्ताने तपासणी शिबिर ठेवता येईल. त्यात बीपी, साखर, डोळे आणि कान तपासावेत, कारण यांची वेळीच काळजी घेतली तर स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होतो. ज्यांना गरज दिसेल त्यांना उरणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात पुढे पाठवावे.

लक्षात ठेवायचे फोन

- ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइन : १४५६७
- टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी मोफत सल्ला : १४४१६
- रुग्णवाहिका : १०८
- पोलीस व तातडीची मदत : ११२

आणि यादी होईपर्यंत एक काम कोणत्याही घरात आजच करता येते : आपल्या आजी-आजोबांची ओळखपत्रिका वहीच्या एका पानावर लिहून काढायची. त्यांना अजून सांगता येत आहे तोवर त्यांच्याच तोंडून.